रेकॉर्डिंगसाठी हार्ड डिस्क आतली की बाहेरची? नाशिकमध्ये नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात सप्ताहाचं कीर्तन होतं. आठ माइक लावले होते: महाराजांचा एक, पेटीचा एक, पखवाजाच्या दोन बाजूंना दोन, टाळकऱ्यांसाठी दोन आणि समोर बसलेल्या मंडळींचे दोन. लॅपटॉपची जागा भरत आली होती म्हणून मी सगळं थेट बाहेरच्या डिस्कवर घेत होते. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला गजर सुरू झाला, टाळकरी पावली खेळत पुढे आले आणि एकाचा पाय डिस्कच्या केबलला लागला. केबल अर्धवटच निघाली, पण तेवढं पुरलं. स्क्रीनवरच्या आठही रेषा जागच्या जागी थांबल्या. आतल्या डिस्कवर थोडी जागा करून पुन्हा रेकॉर्डिंग सुरू करेपर्यंत गजर संपला होता.

घरी येऊन पाहिलं तर आठपैकी सहा फाइल्स उघडत नव्हत्या, पण त्यांच्यात माल होता. त्या मी वाचवल्या, कशा ते शेवटी सांगते. उरलेल्या दोन शून्य बाइटच्या निघाल्या आणि त्यातली एक महाराजांच्या माइकची होती. पेटीच्या आणि श्रोत्यांच्या माइकमध्ये त्यांचा आवाज जेवढा शिरला होता, तेवढा साफ करून वापरला. तो गजर मात्र आता कुणाकडेच नाही.

त्या दिवसापासून मी रेकॉर्डिंग आतल्या डिस्कवर घेते आणि बाहेरची डिस्क प्रतीसाठी ठेवते. या नियमाला अपवाद आहेत, तेही पुढे येतील. कीर्तन, भजनी मंडळ, घरगुती मैफल, कवितावाचन, पॉडकास्ट यातलं काहीही तुम्ही नव्याने सुरू करत असाल, तर खरेदीला निघण्याआधी एवढं वाचा.

१. आधी गणित करा

दुकानात पहिला प्रश्न येतो, "एक टीबी की दोन टीबी?" उत्तर तुमच्याकडे तयार हवं. हिशोब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झ (आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने) आणि २४ बिटवर (प्रत्येक नमुना तीन बाइटचा) एक मोनो ट्रॅक, म्हणजे एका माइकचं रेकॉर्डिंग, सेकंदाला १,४४,००० बाइट घेतो, म्हणजे तासाला साधारण ५२० एमबी. आठ ट्रॅक असतील तर तासाला ४.१५ जीबी. आठ माइकांवर तीन तासांचा कार्यक्रम म्हणजे साडेबारा जीबीच्या आत. १ टीबीमध्ये असे ऐंशी कार्यक्रम मावतात.

९६ किलोहर्ट्झवर घेतलंत तर सगळं दुप्पट. ३२ बिट फ्लोट ठेवलंत तर २४ बिटच्या तुलनेत एक तृतीयांशाने जास्त. माझं मत विचाराल तर कीर्तन-भजनाला ४८ आणि २४ भरपूर आहे. वाचलेले पैसे माइकच्या स्टँडवर घाला.

आता वेगाकडे बघू, कारण नवीन माणसाची सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते. आठ ट्रॅकना सेकंदाला १.१५ एमबी लागतात. चोवीस ट्रॅकना साडेतीन एमबी. लॅपटॉपमधली जुनी, ५४०० फेऱ्यांची फिरती डिस्कसुद्धा सलग लिहिताना सेकंदाला ८०-१०० एमबी लिहू शकते. म्हणजे नुसत्या वेगाच्या हिशोबाने आज बाजारात मिळणारी कुठलीही डिस्क तुम्हाला पुरेल. कुणी "रेकॉर्डिंगसाठी सात हजार एमबी स्पीडचीच लागते" म्हणालं, तर ते तुमच्या कामाबद्दल बोलत नाहीत.

मग डिस्कमुळे रेकॉर्डिंग अडखळतं ते का? फिरत्या डिस्कमध्ये लिहिणारं डोकं एका वेळी एकाच जागी असतं. ते आठ फाइल्सकडे आळीपाळीने जातं, आणि मध्येच विंडोजचं अपडेट, अँटिव्हायरस, फोटोंचं सिंक असल्या कामांनी त्याला दुसरीकडे पळवलं की रांग तुंबते. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नाही, त्यामुळे ही अडचण जवळजवळ संपते. "सिस्टिमच्या डिस्कवर कधीच रेकॉर्ड करू नका" हा जुना सल्ला फिरत्या डिस्कच्या काळातला आहे. तेव्हा तो अगदी बरोबर होता. लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल तर आठ-सोळा ट्रॅकसाठी तो तितकासा लागू नाही.

आणि हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल, तर डिस्क बदलून काही होणार नाही. तो उशीर ऑडिओ इंटरफेसच्या (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्राच्या) बफरचा आहे, म्हणजे आवाज पुढे जाण्याआधी जिथे क्षणभर थांबतो त्या जागेचा. बफर २५६ वरून १२८ वर आणून बघा. उलट आवाजात टकटक येत असेल तर बफर वाढवून बघा. या दोन तक्रारींपायी लोक नवी डिस्क घेतात आणि तक्रार तशीच राहते.

२. मशीनच्या पोटात काय आहे ते बघा

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जा. डिस्कच्या नावाखाली एसएसडी की एचडीडी (म्हणजे फिरती) ते लिहिलेलं दिसतं. मॅकवर सिस्टिम रिपोर्टमधल्या स्टोरेजमध्ये कळतं.

मग लॅपटॉप उलटा करून मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर फोटो काढून ठेवा. त्या नंबरवर कंपनीचं मॅन्युअल शोधलंत की तीन गोष्टी कळतात: एम.२ ची (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची) दुसरी मोकळी खाच आहे का, अडीच इंची डिस्क बसेल अशी जागा आहे का, आणि त्या खाचेत साटा चालते की एनव्हीएमई (डिस्क जोडायच्या या दोन पद्धती). साटाची एम.२ आणि एनव्हीएमईची एम.२ दिसायला सख्ख्या बहिणींसारख्या असतात, पण एकीची खाच दुसरीला चालेलच असं नाही. इथे चुकलात तर दुकानात पुन्हा चक्कर ठरलेली.

जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे त्याच मापाच्या चौकटीत, एसएसडी बसवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत येते. आपल्या ड्राइव्हची जाडी मोजूनच घ्या. माझा दहा वर्षांचा जुना लॅपटॉप आजही अशाच कॅडीवर चालतो.

नव्या मॅकबुकमध्ये आतली जागा नंतर वाढवता येत नाही. ते विकत घेतानाच ठरवावं लागतं.

३. आता ठरवा: आतली की बाहेरची

"सगळ्यात चांगली कुठली" असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. मी नव्या मुलांना विचारते, "रेकॉर्डिंगच्या वेळी तुझ्या टेबलाजवळून कोण कोण जाणार?" त्यावर बरंचसं ठरतं.

घरातल्या खोलीत डेस्कटॉपवर काम असेल तर डोळे झाकून आत दुसरी एसएसडी बसवा. एकीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसरीवर फक्त रेकॉर्डिंग. विंडोज बिघडलं, पुन्हा टाकावं लागलं, तरी गाणी सुरक्षित राहतात. पण यूपीएस हवाच. जूनमधल्या पहिल्या वळवाला इंदिरानगर काय किंवा सातपूर काय, लाइट एकदा तरी डोळा मारतेच.

लॅपटॉप घेऊन देवळात, सभागृहात, कुणाच्या अंगणात जात असाल तर रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर आणि कार्यक्रम संपला की जागेवरच बाहेरच्या डिस्कवर प्रत. आतली डिस्क पायात येत नाही, तिला केबल नाही, आणि लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर ती चालू राहते. आतली जागा कमी पडत असेल तर आधीचे कार्यक्रम बाहेर हलवा आणि आत किमान ६०-७० जीबी मोकळी ठेवा. त्या सप्ताहाच्या वेळी मी एवढंच करायला हवं होतं. आदल्या रात्रीचं अर्ध्या तासाचं काम होतं.

लॅपटॉपमध्ये फिरती डिस्क असेल आणि आत काहीच बदलता येत नसेल, किंवा आत फक्त १२८ जीबी असेल, तर बाहेरच्या एसएसडीवर थेट रेकॉर्ड करणं योग्य आहे. हा माझ्या नियमाचा पहिला अपवाद. मात्र मग केबल टेबलाला आणि लॅपटॉपला कशी बांधायची ते नवव्या पायरीत सांगितलंय, ते मनावर घ्या.

दुसरा अपवाद मिक्सिंगचा. नाशिकला रेकॉर्ड करून मिक्सिंगसाठी पुण्या-मुंबईला जाणारे पुष्कळ आहेत. तिथे अख्खा प्रोजेक्ट बाहेरच्या एसएसडीवर ठेवून तीच डिस्क दोन्हीकडे लावणं सोयीचं पडतं. मिक्सिंग करताना केबल निघाली तर काम थांबतं, पण गाणाऱ्याचा गेलेला सूर परत मागावा लागत नाही. फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

तबला, तानपुरा किंवा व्हायोलिनच्या आवाजांच्या मोठ्या लायब्ऱ्या वापरून संगीत करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे सॉफ्टवेअर शेकडो छोट्या तुकड्यांसाठी डिस्ककडे धावत असतं. त्या लायब्ऱ्या एसएसडीवरच ठेवा. आतली असो वा बाहेरची, फिरती डिस्क तिथे दम टाकते.

४. कुठल्या जातीची डिस्क

फिरती हार्ड डिस्क जागेच्या मानाने स्वस्त पडते, म्हणून ती प्रतींसाठी आणि जुने कार्यक्रम साठवायला घ्या. रेकॉर्डिंगच्या खोलीत तिची घरघर कंडेन्सर माइकमध्ये उतरते, विशेषतः कवितावाचनात, जिथे दोन ओळींमधली शांतता महत्त्वाची असते. चालू असताना तिला हलवूही नये.

स्वस्त फिरत्या डिस्कमध्ये एसएमआर नावाचा प्रकार असतो. कौलांसारखे एकावर एक चढवलेले पट्टे, म्हणून जागा जास्त मिळते, पण एका पट्ट्यावर पुन्हा लिहायचं तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. भरत आलेल्या अशा डिस्कवर लिहिण्याचा वेग मध्येच कोसळतो. प्रतीसाठी हरकत नाही, थेट रेकॉर्डिंगला नको. सीएमआर (पट्टे एकावर एक न चढवलेली) की एसएमआर ते कंपनीच्या माहितीपत्रकात बघा.

साटा एसएसडी सेकंदाला पाचशेच्या आसपास एमबी देते आणि आपल्या कामाला ती पुरून उरते. एनव्हीएमई त्याहून कितीतरी पट वेगवान आहे, पण ध्वनिमुद्रणात तुम्हाला तो फरक ऐकू येणार नाही. लॅपटॉपची खाच एनव्हीएमईची असेल तर ती घ्या, नाहीतर तिच्यामागे धावू नका. शिवाय छोट्या डबीत घातलेली एनव्हीएमई चांगलीच तापते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उन्हातल्या गाडीत ती ठेवून जाऊ नका.

बाहेरच्या साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर लागतो. त्याचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही: लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि डिस्क मरते. बाहेरच्या कार्यक्रमाला यूएसबीवरच चालणारी अडीच इंची डिस्क किंवा एसएसडीच न्या.

५. खरेदी

नाशिकमध्ये कॉम्प्युटरचं सामान बघायला पावलं महात्मा गांधी रोडकडेच वळतात. तीन-चार दुकानांत भाव विचारा, ऑनलाइन भावही मोबाइलवर ठेवा, पण घासाघीस करताना बिलाशिवाय स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. मला एकदा एका दुकानात "ताई, बिल नको असेल तर कमी करून देतो" असं सांगितलं होतं. वॉरंटीच्या वेळी त्या कागदाशिवाय तुम्ही हात हलवत परत येता.

सोबत न्यायचं:
- लॅपटॉपच्या मॉडेल नंबरचा फोटो, आणि मदरबोर्डचं नाव (डेस्कटॉप असेल तर)
- जुन्या डिस्कचा किंवा मोकळ्या खाचेचा फोटो
- लॅपटॉप स्वतः, म्हणजे डिस्क लावून तिथेच बघता येते

घरी आणायचं:
- जीएसटीचं बिल, त्यावर डिस्कचा सिरियल नंबर लिहिलेला
- वॉरंटी किती वर्षांची आणि कुणाकडे न्यायची ते बिलामागे लिहून घेतलेलं
- डेस्कटॉपसाठी साटाची डेटा केबल आणि अडीच इंची डिस्कची पट्टी, एम.२ असेल तर तिचा इवलासा स्क्रू, जो हमखास खोक्यात नसतो
- बाहेरच्या डिस्कसाठी एक जादा डेटा केबल

बिलावरचा सिरियल नंबर आणि डिस्कवरचा नंबर दुकानातच जुळवून बघा. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकला की वॉरंटी सुरू आहे की आधीच संपलीय तेही कळतं.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे काहीशे रुपयांत मिळणारी "दोन टीबी" डिस्क किंवा पेन ड्राइव्ह. आत थोडीशीच जागा असते आणि कॉम्प्युटरला दोन टीबी सांगितलेलं असतं. सुरुवातीच्या फाइल्स नीट उतरतात, पुढच्या जातात कुठे ते कळतही नाही. अशा वस्तूवर कुणाचं गाणं ठेवू नका.

केबलचंही नीट बघा. टाइप-सी हा फक्त आकार आहे, वेग नाही. मोबाइलच्या चार्जरसोबत येणारी बहुतेक टाइप-सी केबल यूएसबी २.० च्या वेगानेच डेटा नेते, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला तीस-चाळीस एमबी. रेकॉर्डिंग तिच्यावरही निभावेल, पण रात्री अकरा वाजता साठ जीबीची प्रत करायला बसाल तेव्हा अर्धा तास तिथेच जाईल. डिस्कच्या खोक्यातली केबल चार्जिंगला घेऊ नका. तिला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

६. बसवणं

वॉरंटीतला लॅपटॉप उघडण्याआधी अटी वाचा. हातात घेण्यासारखं काम वाटत नसेल तर दुकानदाराकडूनच बसवून घ्या, त्यात कमीपणा नाही.

स्वतः करणार असाल तर चार्जर काढा, मशीन पूर्ण बंद करा, शक्य असेल तिथे आधी बॅटरीची पिन काढा. धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. स्क्रू ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने कागदावर चिकटवून ठेवा, कारण लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर पाटी फुटते.

मशीन सुरू केल्यावर नवी डिस्क दिसणार नाही. घाबरू नका, ती खराब नाही. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथे ती "इनिशियलाइझ" करायला विचारेल. जीपीटी निवडा, मग नवा व्हॉल्यूम (डिस्कवरचा वापरायचा भाग) बनवा. हे करताना डिस्क नंबर आणि आकार दोनदा वाचा. चुकीच्या डिस्कवर क्लिक केलं तर जुनं सगळं जाईल.

७. फॉरमॅट आणि सेटिंग

फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत. आतली डिस्क विंडोजवर एनटीएफएस, मॅकवर एपीएफएस. बाहेरची डिस्क दोन्हीकडे फिरणार असेल तर एक्सफॅट, कारण एनटीएफएसची डिस्क मॅक वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटची उणीव लक्षात ठेवा: त्यात नोंदवही, म्हणजे जर्नल नसतं. केबल मध्येच निघाली तर एनटीएफएस सावरायचा प्रयत्न करतं, एक्सफॅटवर फाइल शून्य बाइटची दिसू शकते. माझ्या त्या दोन फाइल्स एक्सफॅटवरच होत्या. डिस्क फक्त तुमच्याच विंडोज लॅपटॉपला लागणार असेल तर एनटीएफएसच ठेवा.

फॅट३२ अजिबात नको. त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. रेकॉर्डिंगच्या साध्या डब्ल्यूएव्ही फाइललाही हीच मर्यादा आहे. प्रत्येक माइकची वेगळी फाइल असेल तर ४८ आणि २४ वर ती आठ तासांपर्यंत येत नाही. पण आठही माइक एकाच फाइलमध्ये घेणारं सेटिंग असेल तर तासाभरातच ती भरते. वेगवेगळ्या फाइल्स ठेवा, किंवा सॉफ्टवेअरमध्ये आरएफ६४ (४ जीबीच्या पुढे जाणारा डब्ल्यूएव्हीचा प्रकार) निवडा.

मग हे बदल करा:
- पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद होण्याची वेळ "नेव्हर"
- तिथेच यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद
- मॅकवर हार्ड डिस्क झोपवण्याचा पर्याय बंद
- रेकॉर्डिंगचा फोल्डर डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये नको; ते बऱ्याचदा वनड्राइव्हशी जोडलेले असतात आणि फाइल लिहिली जात असतानाच तिची वरात इंटरनेटवर निघते
- अँटिव्हायरसला तो फोल्डर वगळायला सांगा

सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगची जागा स्वतः निवडा. रीपर, क्यूबेस, लॉजिक, ऑडॅसिटी, काहीही वापरा, पण पहिलं रेकॉर्डिंग करून फाइल खरोखर त्या डिस्कवर गेली का ते फोल्डर उघडून बघा.

८. खऱ्या कामाआधी चाचणी

नवी डिस्क आणली आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाला नेली, असं करू नका. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅकवर एफ३ ही मोफत साधनं पूर्ण डिस्क लिहून परत वाचून बघतात. बनावट क्षमता तिथे उघडी पडते. मोठ्या डिस्कला यात काही तास जातात, रात्री लावून झोपा.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्क किती तास चालली ते दिसतं. नवी म्हणून घेतलेली डिस्क शेकडो तास चाललेली दिसली तर बिल घेऊन परत जा. फिरत्या डिस्कमध्ये रीअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे (खराब झालेल्या आणि संशयित जागांचे) आकडे शून्य हवेत.

मग घरीच सगळे चॅनल उघडून दोन तास रेकॉर्डिंग लावा. माइक नसले तरी चालेल, शांतताही तेवढीच जागा घेते. मध्ये लॅपटॉपचा पडदा मंद होऊ द्या, चार्जर काढा, परत लावा. बाहेरच्या डिस्कवर घेणार असाल तर ऑडिओ इंटरफेस आणि डिस्क एकाच हबवर लावू नका, दोघांना लॅपटॉपचे स्वतंत्र पोर्ट द्या. डेस्कटॉपला मागचे पोर्ट वापरा.

९. कार्यक्रमाच्या दिवशी

बाहेरच्या डिस्कवर थेट घ्यायची वेळ आलीच तर डिस्क टेबलावर मोकळी ठेवू नका. मी लॅपटॉपच्या झाकणामागे वेल्क्रोने चिकटवते आणि वीतभर लांबीचीच केबल वापरते. लांब केबलच असेल तर तिचा एक वेढा टेबलाच्या पायाला बांधला की बाहेरून ओढ बसली तरी ती पोर्टपर्यंत पोचत नाही. माइकच्या तारा टेबलाच्या मागून आणायच्या आणि जमिनीला कापडी टेपने चिकटवायच्या.

टेबल टाळकऱ्यांच्या आणि आरतीच्या वाटेत नको. आयोजकांशी आधीच बोला. "काका, गजराला मंडळी कुठपर्यंत पुढे येतात?" एवढं विचारलं की ते स्वतः जागा दाखवतात.

एखादा छोटा हँडी रेकॉर्डर असेल तर तो त्याच्या मेमरी कार्डवर स्वतंत्र चालू ठेवा. माझ्याकडे तेव्हा तो नव्हता.

कीर्तन आणि भजन यांच्या मधल्या वेळेत रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करा, म्हणजे आधीची फाइल पूर्ण बंद होते. पुढे काही झालं तरी तेवढं तुमच्या हातात राहतं.

१०. प्रती

निघण्याआधी, जोडे घालण्याआधी, बाहेरच्या डिस्कवर प्रत. घरी आल्यावर दुसऱ्या डिस्कवर दुसरी. त्यातली एक डिस्क दुसऱ्या घरी राहते; माझी नाशिकरोडला मावशीकडे असते आणि महिन्यातून एकदा अदलाबदल होते. तीन प्रती होईपर्यंत लॅपटॉपमधून काही पुसत नाही. एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फार कमी असते, कारण पुसल्यानंतर ती जागा डिस्क स्वतःच साफ करते.

प्रत झाली असं पट्टी भरल्यावरून समजू नका. दोन्हीकडच्या फोल्डरचा आकार आणि फाइल्सची संख्या जुळवा, एक-दोन फाइल्स प्रतीवरूनच वाजवून बघा, मग "सेफली रिमूव्ह" करा.

मिक्सिंगला प्रोजेक्ट देताना नुसती प्रोजेक्टची छोटी फाइल देऊ नका, त्यात आवाज नसतो. रीपरमध्ये "सेव्ह प्रोजेक्ट अ‍ॅज" करताना सगळं मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याचा पर्याय निवडा. क्यूबेसमध्ये "बॅकअप प्रोजेक्ट" आहे.

एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं न लावता ठेवू नका, तिच्यातला साठा हळूहळू झिरपतो. जुन्या कार्यक्रमांसाठी फिरती डिस्क बरी, पण तीही सहा महिन्यांतून एकदा लावून बघा. टक-टक असा धातूचा आवाज येऊ लागला तर लगेच बंद करा आणि दुरुस्तीचं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका.

हे सगळं कुणाला जास्त वाटेल. पण द. वि. पलुस्करांचा जन्म १९२१ साली आपल्या नाशिकात झाला आणि १९५५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी ते गेले. आज त्यांचं गाणं आपल्या कानावर पडतं ते केवळ जपलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे. आपल्या गल्लीतले पखवाजवादक, ओव्या म्हणणाऱ्या आजी यांची तर दुसरी प्रतही कुठे नसते.

११. फाइल उघडतच नसेल तर

डिस्क निसटली किंवा मशीन बंद पडलं की डब्ल्यूएव्ही फाइलच्या सुरुवातीची नोंद अपुरी राहते. आवाज आत असतो, पण तो किती लांबीचा आहे ते सॉफ्टवेअरला कळत नाही. फाइलचा आकार शून्य नसेल तर ती बहुतेक वेळा वाचते.

आधी त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नका. फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि प्रतीवरच काम करा. ऑडॅसिटीत फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा असं जा. २४ बिट साइन्ड पीसीएम, लिटल एंडियन, एक चॅनल, ४८,००० हर्ट्झ निवडा, म्हणजे जे रेकॉर्डिंगला ठेवलं होतं तेच. सुरुवातीचा ऑफसेट, म्हणजे सुरुवातीचे किती बाइट सोडायचे तो आकडा, ४४ बाइट द्या.

वाजवल्यावर नुसता खरखराट आला तर फाइल गेली असं समजू नका. २४ बिटमध्ये प्रत्येक नमुना तीन बाइटचा असतो, आणि बरीच सॉफ्टवेअर सुरुवातीला ४४ पेक्षा जास्त बाइट लिहितात. ऑफसेट ४५ करून बघा, मग ४६. या तिन्हींपैकी एकावर आवाज सापडतो. सुरुवातीला क्षणभर खट्ट होईल, तेवढं कापून टाका आणि नवीन डब्ल्यूएव्ही म्हणून निर्यात करा.

माझ्या सहा फाइल्सपैकी पहिली ४६ वर उघडली. आधी खट्ट झालं, मग वाड्याच्या अंगणातली कुजबुज आली, आणि मग पखवाजाची पहिली थाप.